अळणावर लाइनवरची पाच शून्यं

अळणावरकडच्या सहा वीज सबस्टेशनांचं गणिती मॉडेल मी बनवलं. त्याबद्दल माझा सत्कार झाला, शाल मिळाली, फळांची करंडी मिळाली, आणि एका सरळ माणसाच्या सर्व्हिस बुकात लाल शाईने एक ओळ पडली: ‘मीटर वाचनात अविश्वासार्ह.’ फळं आठवडाभरात संपली. शाल अजून कपाटात आहे. ती ओळ खोटी आहे आणि ती माझ्यामुळे पडली, एवढं सांगण्यासाठी मी हे लिहितो आहे. माझी सत्तरी उलटून गेली. आणखी थांबण्यात अर्थ नाही.

मी हुबळी-धारवाडच्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवत होतो. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना वीज कंपनीने आमच्या विभागाला एक काम दिलं. एका मोठ्या स्टेशनातून निघणारी एक लाइन, तिच्यावर सहा छोटी सबस्टेशनं. मोठं स्टेशन धरून प्रत्येक ठिकाणी एक ऑपरेटर दर तासाला मीटर बघून व्होल्टेज आणि अँपियर लॉगबुकात लिहितो. त्या आकड्यांवरून उद्याचा लोड किती असेल ते सांगायचं, आणि कुणाचं रीडिंग चुकीचं येतंय ते शोधायचं.

हे शोधतात कसं, ते मी आमच्या हिला असं समजावलं होतं. “एका टाकीतून सहा घरांना नळ गेलेत असं समज. टाकीतून निघालेलं पाणी आणि सहा घरांत पोचलेलं पाणी, थोडी गळती धरून, जुळायला हवं. पाच घरांचं जुळतंय आणि सहावं म्हणतंय माझ्याकडे थेंब आला नाही, तर सहावं घर खोटं बोलतंय.”

“किंवा बाकीची पाच,” ही म्हणाली.

“पाच जण मिळून एकच खोटं कसं बोलतील?”

“तुमच्या बहिणी किती?”

मला पाच बहिणी आहेत. विषय तिथेच थांबला. तो तिथे थांबायला नको होता, हे मला नंतर कळलं.

पहिल्या वर्षीचे आकडे घालून मी मॉडेल उभं केलं. त्यात एक गंमत दिसली. सहापैकी पाच स्टेशनांवर दुपारी दोन ते चार लोड अगदी सरळ रेषेत. एक अँपियर वर नाही, एक खाली नाही. उन्हाळा असो, श्रावण असो. मी त्यावर खूप विचार केला. मग माझ्या निबंधात एक अख्खा परिच्छेद लिहिला, की उत्तर कर्नाटकाच्या ग्रामीण भागातल्या विश्रांतीच्या परंपरेमुळे दुपारचा वीजवापर असाधारण स्थिर राहतो. हा निबंध मी एका परिषदेत वाचला. अध्यक्षांनी त्या परिच्छेदाचं विशेष कौतुक केलं. दुपारी दोन ते चार विश्रांती गाव घेत नव्हतं, ऑपरेटर घेत होते आणि उठल्यावर आधीचाच आकडा खाली उतरवत होते, हे त्या सभागृहात कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे नुकतेच जेवून बसलो होतो.

दुसऱ्या वर्षी मला एक कल्पना सुचली. ही कल्पना माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. उद्याच्या लोडचा अंदाज रोज संध्याकाळी ऑपरेटरांच्या मोबाईल ग्रुपवर पाठवायचा. चोवीस तासांचा तक्ता, प्रत्येक स्टेशनाचा वेगळा. हेतू चांगला होता. समोर काय येणार आहे ते माणसाला आधी माहीत असलेलं बरं.

तेव्हापासून मॉडेलची चूक कमी होऊ लागली. दर महिन्याला आणखी कमी. पुढेपुढे अंदाज आणि लॉगबुक यांत फरक शोधावा लागू लागला. मला वाटायचं, मॉडेल शिकतंय. कंपनीचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, त्यांना आम्ही साहेबच म्हणत असू, दर महिन्याला माझ्याकडे येऊन आलेख बघत. “सर, दोन रेघा आहेत का एकच?” ते विचारत. मी भिंग देत असे.

फक्त एक स्टेशन जुळत नव्हतं. सहाव्या नंबरचं, जंगलाच्या बाजूचं. तिथला दिवसपाळीचा ऑपरेटर अळणावरजवळच्याच एका मराठी शेतकरी घरातला होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याचे आकडे उड्या मारायचे. दुपारी दोनला अचानक वाढ, तीनला घट. एकदा सकाळी दहाला इतका लोड, जसं काही गावात कारखाना निघाला. मॉडेल अशा रीडिंगपुढे ‘बॅड डेटा’ असा शिक्का छापायचं आणि महिन्याच्या यादीत टाकायचं. यादीखाली माझी सही. काही महिन्यांत यादीत दुसरं कुणी उरलंच नाही. कंपनीच्या ऑफिसात लोक अण्णालाच बॅड डेटा म्हणू लागले.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पद्धतशीर उपाय केले. आधी मीटर बदलला. नवा मीटर तेच दाखवू लागला. जुना मीटर तपासायला गेला, तो निर्दोष निघाला. मग साहेबांना वाटलं, दोष डोळ्यांत असेल. अण्णाला हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्याने शेवटची ओळ वाचली. डॉक्टरने लांबून कॅलेंडर वाचायला सांगितलं, तर त्याने कॅलेंडराच्या खाली छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं. रिपोर्ट आला: दृष्टी उत्तम. साहेबांनी रिपोर्ट फाइलला लावला आणि शेरा मारला, ‘तरीही रीडिंग चुकते.’

आता त्या पाच शून्यांच्या दिवसाबद्दल.

मे महिना होता. माझ्या भाचीच्या मुलाचं बारसं अळणावरला होतं. आम्ही दोघं सकाळीच गेलो. बाराच्या सुमाराला करंट गेला. कुठेतरी निलगिरीचं झाड मोठ्या लाइनवर पडलं होतं. आमरस मिक्सरमध्ये अर्धा झाला होता आणि पाहुणे मोजून शंभर. बायकांनी उरलेला रस हाताने गाळला. पुरुषांनी निमंत्रणपत्रिकांनी वारा घेतला. पाळण्यातलं बाळ एवढं रडलं की नाव कुणालाच ऐकू गेलं नाही, नंतर एकमेकांना विचारावं लागलं. मला पाहून यजमान म्हणाले, “मामा, तुम्ही वीजवाले ना? कधी येणार?”

“मी वीजवाला नाही. मी गणितवाला.”

“मग गणित करून सांगा की.”

पाचला थोडा वेळ असताना करंट आला. म्हणजे जवळजवळ पाच तास त्या अख्ख्या लाइनवर काही नव्हतं. हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी तिथे बसून घाम पुसत होतो.

दोन दिवसांनी त्या दिवसाचे आकडे कॉलेजात आले. मोठं स्टेशन: बारा ते चार, लोड अंदाजाप्रमाणे. पाच छोटी स्टेशनं: अंदाजाप्रमाणे. दोन ते चार सरळ रेष. सहावं स्टेशन: बारा, एक, दोन, तीन, चार वाजता व्होल्टेज शून्य, अँपियर शून्य. मॉडेलने सगळ्यांचं वजन केलं आणि निकाल दिला. लाइन व्यवस्थित चालू होती. सहाव्या स्टेशनाची पाच रीडिंगं बॅड डेटा.

मी ती प्रिंट पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. माझ्या शर्टाला अजून आमरसाचा डाग होता.

लाइन बंद पडल्याची नोंद वेगळ्या रजिस्टरात होते, ते आमच्याकडे येत नसे. पण लॉगबुकात शून्य का नाही, ते बघायला मी दुसऱ्याच दिवशी त्या लाइनवरच्या जवळच्या स्टेशनावर गेलो. तिथला ऑपरेटर मला बघून खूश झाला. “बर्री सर, कुंद्रि,” या, बसा म्हणून खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी लॉगबुक बघायला मागितलं. सकाळचे अकरा वाजले होते. पान संध्याकाळी सातपर्यंत भरलेलं होतं.

“हे अजून व्हायचंय ना?” मी विचारलं.

“तुमचा तक्ता आला की आम्ही सकाळीच उतरवून टाकतो, सर. पाळीवाले दोघंही आपापला वाटा घेतो. आधी मीटरपाशी दर तासाला जावं लागायचं. पायाचं दुखणं गेलं बघा.” तो मनापासून बोलत होता. “आणि चूक शून्य. साहेबांनी कौतुक केलं.”

“आणि त्या दिवशी, करंट गेला तेव्हा?”

“तुमच्या तक्त्यात कुठं होतं तसं?”

मी चहा प्यालो. तो चांगला होता.

परतीच्या बसमध्ये मला सगळं समजलं. माझ्या अंदाजावरून लॉगबुक, लॉगबुकावरून माझं मॉडेल, मॉडेलवरून पुन्हा अंदाज. कुत्रं आपलीच शेपटी धरून फिरत होतं आणि मी त्याचा वेग मोजून सत्कार घेत होतो. या फेऱ्यात नसलेला, उठून मीटरपर्यंत जाऊन काट्याकडे बघणारा एकच माणूस होता, आणि मॉडेलने त्याला बरोबर हुडकून बाहेर काढलं होतं.

मी हे हिला सांगितलं. ती म्हणाली, “उद्या जाऊन साहेबांना सांगा.”

मी गेलो. साहेबांच्या टेबलावर मिठाईचा बॉक्स होता. आमचं मॉडेल कंपनीच्या आणखी विभागांत लागू करायचं ठरलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात माझा सत्कार होता. साहेबांनी पुढ्यात त्या महिन्याचं प्रमाणपत्र ठेवलं: ‘सर्व रीडिंग तपासली. संशयित: स्टेशन सहा.’

मी म्हणालो, “साहेब, त्या दिवशी लाइन बंद होती असं मला वाटतं.”

“वाटतं?” साहेब हसले. “सर, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. वाटण्यावर जायचं नाही, आकड्यांवर जायचं. सहा स्टेशनांचे आकडे काय म्हणतात?” मोठं स्टेशन आणि पाच छोटी मिळून सहा, म्हणजे बरोबरच होतं. “आय्तु मग,” ते म्हणाले, झालं तर. आणि पेन पुढे केलं.

मी सही केली.

कुणी माझा हात धरला नव्हता. मला शाल हवी होती असंही नाही. पण परिषदेतला तो परिच्छेद, तो कौतुक करणारा अध्यक्ष, दोन वर्षं दाखवलेले आलेख, हे सगळं एका ओळीत खोटं होणार होतं. मला वाटलं, निवृत्त झाल्यावर सांगू.

सहीनंतर कंपनीने शेवटचा उपाय केला. अण्णाला मीटर वाचण्याच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी आमच्या कॉलेजात पाठवलं. प्रशिक्षक मी. विद्यार्थी एक. धारवाडात सप्तापूरला त्याची राहायची सोय केली होती, सकाळी साडेनऊला तो दारात हजर. हजेरीपटावर दिवसात तीनदा सही. एकट्याची.

पहिल्या दिवशी मी त्याला काटा म्हणजे काय ते शिकवलं. तो वहीत लिहून घेत होता. त्याची नोकरी माझ्या शिकवण्यापेक्षा दोनच वर्षांनी कमी होती. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतल्या मीटरवर वेगवेगळे आकडे लावले, त्याने सगळे बरोबर वाचले. मी एक मुद्दाम बंद ठेवला.

“शून्य,” तो म्हणाला. मग वहीवर पेन ठेवून विचारलं, “सर, काटा शून्यावर असला तर काय लिहायचं?”

“काट्यावर दिसतं ते लिहायचं.”

“मग मी काय लिहिलं होतं?”

मी खिडकीकडे गेलो. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. मी जे पुढे बोललो ते अजून शब्दशः आठवतं. “अण्णा, आपलं रीडिंग लिहिण्याआधी शेजारच्या स्टेशनांना फोन करून बघत जा. सगळ्यांचं जुळतंय की नाही ते.”

“हे लिहून द्या, सर. वहीत.”

“लिहून देण्यासारखं काय आहे त्यात?”

“बरं,” तो म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशीही वेळेवर आला.

त्याने शेजाऱ्यांना फोन केले नाहीत. आकडे उड्या मारतच राहिले. मग लाल ओळ पडली, आणि त्याला ऑपरेटरचं काम काढून मीटरच्या गोदामात बसवलं. तिथे त्याच्या स्टेशनातून काढलेला तो निर्दोष मीटर होता. अण्णा त्याला रोज पुसायचा, असं मी नंतर ऐकलं. निवृत्त होईपर्यंत तिथेच.

मीही निवृत्त झालो. सांगू सांगू म्हणता वर्षं गेली. आकड्यांचं ते काम नंतर यंत्रांनी घेतलं. आता मीटर स्वतःच आकडे पाठवतात, ऑपरेटरला उठावं लागत नाही आणि झोपायलाही हरकत नाही. साहेब बढती घेऊन बंगळूरला गेले. गेल्या वर्षी धारवाडच्या मळमड्डीत किराणा घेताना मला अण्णा दिसला. मुलाकडे राहायला आला होता. मला ओळखून “नमस्कार, सर” म्हणाला आणि माझी पिशवी धरली. त्या रात्री जेवताना हिने विचारलं, “सांगितलंत का?” मी आणखी भात वाढून घेतला. ती म्हणाली, “पिशवी धरली त्याने तुमची.”

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला पत्र लिहिलं. अमुक दिवशी लाइन बंद होती, सहाव्या स्टेशनाची पाच रीडिंगं खरी होती, बाकीची अंदाजावरून उतरवली होती, मी जाणूनबुजून खोटी सही केली, तरी संबंधित ऑपरेटरच्या नोंदीतली ओळ काढावी. दीड महिन्याने उत्तर आलं. अभिलेख तपासले असता त्या दिवशी वीजपुरवठा खंडित झाल्याचे आढळत नाही. लाइन बंद पडल्याची जुनी रजिस्टरं नियमाप्रमाणे नष्ट केली आहेत. सबब आपला दावा ग्राह्य धरता येत नाही. पुरावा म्हणून त्या महिन्याचं प्रमाणपत्र जोडलं होतं. खाली माझी सही, तेव्हाची, ठसठशीत. आता तशी येत नाही.

ते उत्तर घेऊन मी अण्णाकडे गेलो. सगळं सांगितलं, बारशापासून. सून चहा ठेवून गेली. माझं झाल्यावर त्याने पत्र दोनदा वाचलं, चष्म्याशिवाय.

“मला माहीत होतं, सर,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“तक्ता बघून लिहितात ते. मलाही ग्रुपवर यायचा. मी बघायचो, मग मीटर बघायचो. मला वाटायचं कॉलेजात कधीतरी कुणीतरी दोन्ही बघेल.” मग पत्र परत देत, “शिकवताना तुम्ही खिडकीत गेलात, तेव्हा कळलं की तुम्ही बघितलंय.”

मी ते घेऊन खिशात ठेवलं.

तो आत जाऊन एक वही घेऊन आला. कव्हरवर देवीचं चित्र, आतल्या पानांवर त्याचं बारीक अक्षर. लॉगबुकाची नक्कल. प्रत्येक तास, प्रत्येक दिवस, शेजारी वापरलेली युनिटं मोजणाऱ्या मीटरचा आकडासुद्धा. “मॉडेल आहे का अजून?” त्याने विचारलं.

मॉडेल होतं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये.

“मग एकदा उलटं चालवा. माझं खरं धरा आणि बाकीच्यांचं तपासा.”

एवढ्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या रविवारी तो आमच्याकडे आला. हिने उप्पीट केलं. तो वहीतून आकडे सांगत गेला, मी भरत गेलो. त्याच्या वहीला सगळ्यांत जास्त वजन दिलं. एका सलग तारेवर एका ठिकाणी व्होल्टेज शून्य असेल तर त्याच तारेवर दुसरीकडे लोड असू शकत नाही, हे मॉडेलला तेव्हाही माहीत होतं, फक्त कुणाचं ऐकायचं ते मी चुकीचं सांगितलं होतं. प्रिंटर जुना, कागद अडकत अडकत बाहेर आला. मोठं स्टेशन, बारा ते चार, बॅड डेटा. स्टेशन एक, बॅड डेटा. दोन, तीन, चार, पाच. पान भरलं. अण्णाच्या पाच शून्यांपुढे काही नाही.

हीसुद्धा उठून बघायला आली. “बघा,” ती म्हणाली, “पाच बहिणी.”

आणि पानाच्या तळाला एक ओळ आणखी होती. स्टेशन सहा, सायंकाळी सहा. बॅड डेटा. पाच ते सातमध्ये युनिटचा मीटर जेवढा पुढे गेला, त्याच्याशी तो आकडा जुळत नव्हता.

माझा हात आपोआप माउसकडे गेला. एक आकडा काढायचा, पुन्हा छापायचं, दोन मिनिटांचं काम. इतक्या वर्षांनी मिळालेलं पान निदान स्वच्छ तरी असावं, असं मला वाटलं. खरं सांगतो, त्यात गैर काही आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

“राहू द्या, सर,” अण्णा म्हणाला. “ते चुकीचंच आहे.”

“चालतं हो, एवढ्या तेवढ्याने...”

“सहाला मी गेटवर होतो. पाच तास करंट नव्हता म्हणून गाव भांडायला आलं होतं. करंट नसताना उन्हात कोण येतो? करंट आला तेव्हा आले. आत जाईपर्यंत सात वाजले. सहाचं मी अंदाजाने लिहिलं.” तो कागदाकडे बघून पहिल्यांदा हसला. “बरोबर पकडलं की हो. चांगलं केलंय तुम्ही मॉडेल.”

त्याने मला त्या पानावर सही करायला लावली. शिक्का आहे का विचारलं. निवृत्त माणसाकडे कसला शिक्का? मग म्हणाला, कंपनी ओळ काढणार नाही तर नको काढू दे, पण तुम्ही कुठेतरी छापून द्या. गावातल्या माणसांना दाखवता येईल. आणि छापताना सहाचंही लिहा.

म्हणून लिहितो. अळणावर लाइन, सहावं सबस्टेशन, दिवसपाळी. दुपारी बारा, एक, दोन, तीन, चार: शून्य. मीटर बघून लिहिलेलं. बरोबर. संध्याकाळी सहा: अंदाजाने.